साचा, शिसे आणि नेम

२ नोव्हेंबर २०१८च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, बोराटी गावाजवळ, टी-१ वाघीण गोळी लागून मेली. अवनी या नावाने ती तोवर देशभर माहीत झाली होती. पांढरकवडा-राळेगाव परिसरातील १३ माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. तिला पकडण्यासाठी हत्ती आणले, ड्रोन उडवले, परदेशी अत्तराचा वास लावून तिला झुडपातून बाहेर काढण्याचाही प्रयत्न झाला. ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने वनविभागाच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. त्यानंतर सात आठवड्यांनी, हैदराबादचे शिकारी शफत अली खान यांचा मुलगा असगर अली याने झाडलेल्या गोळीने हा शोध संपला.

वाद मात्र तिथून सुरू झाला. शवविच्छेदन नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात झाले. गोळी डाव्या बाजूने, खांद्याच्या भागातून आत गेल्याचे दिसले, तेव्हा वाघीण समोरून झेपावत होती की कडेने चालली होती, हा प्रश्न उभा राहिला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने आणखी गोष्टी नोंदवल्या. बेशुद्धीचे औषध भरून ५६ तास उलटून गेले होते, ते २४ तासांत वापरायला हवे होते; आणि ज्याने गोळी झाडली त्याच्या नावे ते काम नव्हते.

वनाधिकारी, वकील, प्राणिप्रेमी, मृतांचे नातेवाईक, सगळेच त्या दिवसांत बोलले आणि बोलायलाच हवे होते. पण ज्या वस्तूभोवती हे सगळे घडले ती गोळी म्हणजे नेमके काय असते, ती कशी तयार होते, तिची परीक्षा कशी होते, हे सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ते पोहोचायला हवे. इथे रान आणि वावर यांच्यामध्ये एखाद्या धुऱ्याचेच अंतर असते. पऱ्हाटीत रोही शिरतात, तुरीत आणि हरभऱ्यात रानडुकरांचे कळप लोळतात, आणि हंगामात शेतकरी मचाणावर जागल करतो. काहींकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. गोळी इथे कादंबरीतली वस्तू नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. काडतूस म्हणजे अख्खा संच: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की दारू जळते, वायू फुगतो, गोळी नळीतून बाहेर पडते आणि पुंगळी मागे राहते. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्या खाचांत घट्ट बसली, तरच तिला फिरकी मिळते, आणि फिरकी मिळाली तरच ती हवेत न डळमळता सरळ जाते. हे घट्ट बसणे म्हणजेच गोळी घडवण्याचे अर्धे शास्त्र आहे.

शतकानुशतके गोळी घरीच होत असे. तोड्याच्या किंवा ठासणीच्या बंदुकीबरोबर लोखंडी चिमट्यासारखा साचा मिळे. प्रत्येक बंदुकीची नळी थोडी वेगळी, म्हणून तिचा साचाही तिचाच. पळीत शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, साचा उघडून गोळी खाली पाडायची आणि वर राहिलेली शेपटी कापून टाकायची. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे त्यासाठी लोहाराचा भाताही लागत नाही, चुलीवर भागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येणाऱ्या मालात शिसे असे, त्यामागे हीच मागणी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरची दारू वस्तीपासून दूर आणि कोरडी ठेवण्याची, ती वेळोवेळी बाहेर काढून ऊन दाखवण्याची ताकीद आहे. दारूगोळ्याची परीक्षा न करता तो कोठारात पडू देणे हा हलगर्जीपणा आहे, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

हे ओतकाम जगात आजही घरोघरी चालते, मुख्यतः अमेरिकेत. तिथे स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. लायमन नावाच्या कंपनीचे साचे आणि मार्गदर्शक पुस्तके तिथल्या नेमबाजांच्या तीन-चार पिढ्यांनी वापरली आहेत. आजचा साचा अॅल्युमिनियम, लोखंड किंवा पितळेच्या दोन ठोकळ्यांचा असतो. ठोकळे मिटले की मध्ये गोळीच्या आकाराची पोकळी तयार होते आणि वर भोक असलेली एक सरकती पट्टी येते. त्या भोकातून धातू ओततात. धातू थिजताना आकसतो, म्हणून वर थोडा जास्तीचा धातू ठेवावा लागतो, नाहीतर गोळीच्या बुडाशी खळगा पडतो. थिजल्यावर पट्टी आडवी ठोकली की जास्तीचा तुकडा कापला जातो आणि गोळी मऊ फडक्यावर पडते.

सराव झालेला माणूस त्या गोळीकडे बघूनच पुष्कळ काही सांगतो. अंगावर सुरकुत्या असतील तर साचा किंवा धातू थंड होता. दंव पडल्यासारखा पांढुरका थर असेल तर तो जास्त तापला होता. कडा बोथट असतील तर धातू साच्याच्या कोपऱ्यांत पोहोचला नाही, बहुधा कथील कमी पडले. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या गोळीच्या पोटातही हवेचा फुगा असू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सगळ्या गोळ्या एकेक करून काट्यावर घालतात. जी हलकी भरते ती पुन्हा मुशीत जाते.

नुसते शिसे मऊ असते, नखाने ओरखडा उठतो. वेग वाढला की ते नळीच्या खाचांत खरवडले जाते, आत लेप बसतो आणि नेम बिघडतो. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. अमेरिकन ओतारी ज्या मिश्रणामागे वर्षानुवर्षे धावले ते आहे छापखान्यातले: लायनोटाइप यंत्राचा धातू, साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. छापखाने संगणकावर गेले तेव्हा हा धातू भंगारात आला आणि तिथल्या नेमबाजांनी तो उचलला. मराठी वाचकाच्या हे जवळचे आहे. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथे ओतलेल्या देवनागरी खिळ्यांनी संस्कृत-मराठी ग्रंथांना देखणे रूप दिले. ते खिळेही याच तीन धातूंचे. साचा भरेल इतके पातळ, थिजल्यावर कडा धारदार राहतील इतके टणक आणि पुन्हा वितळवता येईल इतके सोपे, असे मिश्रण अक्षरालाही हवे होते आणि गोळीलाही.

आता साच्यात बदल करण्याचा मुद्दा. विकत आणलेला साचा नेमका आपल्या नळीच्या मापाचा असेलच असे नसते. ओतीव गोळी नळीतल्या खाचांच्या तळापर्यंतच्या मापापेक्षा केसभर जाड लागते. इंचाच्या हजाराव्या भागात मोजण्याची ही गोष्ट आहे. गोळी बारीक निघाली तर तापलेला वायू तिच्या बाजूने पुढे घुसतो आणि शिसे जाळत नेतो. म्हणून कोणी साच्याची पोकळी बारीक घर्षणचूर्णाने घासून किंचित मोठी करतो, कोणी गोळीवरच्या वंगणाच्या खाचा कमी-जास्त करतो, कोणी टोकाशी खळगा पाडणारी सळई साच्याला जोडतो. प्रत्येक बदलानंतर पुन्हा ओतणे, पुन्हा वजन, पुन्हा मोजमाप आणि पुन्हा नेमबाजी. ठरावीक अंतरावर कागद लावायचा, बंदूक टेकूवर ठेवून बार काढायचे आणि छिद्रे एकमेकांपासून किती दूर पडली ते मोजायचे. वेग मोजायला यंत्र असते. आघातानंतर गोळीचे काय होते हे पाहायला भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे किंवा जिलेटिनचे ठोकळे वापरतात. एका वेळी एकच बदल करायचा, हा या कामातला सर्वांत कडक नियम. दोन बदल एकदम केले तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

या कामाला शास्त्राची बैठक देणारा माणूस होता अमेरिकेतला डॉ. फ्रँकलिन मान. पेशाने वैद्य, पण आयुष्याची कित्येक वर्षे त्याने एकाच प्रश्नाला दिली: एकाच नळीतून, एकाच दारूने सुटलेल्या दोन गोळ्या दोन ठिकाणी का पडतात? माणसाच्या हाताचा थरकाप हिशेबातून काढून टाकण्यासाठी त्याने जमिनीत पक्का रोवलेला अवजड ठोकळा उभारला आणि नळी त्यावर जखडली. त्याला त्याने जिब्राल्टर हे नाव दिले होते. मग त्याने गोळ्या मुद्दाम विद्रूप करायला सुरुवात केली. काहींची टोके ठेचली, काहींची बुडे एका बाजूने तासली. १९०९ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्यातला निष्कर्ष अनेकांना उलटा वाटला. टोक बिघडलेली गोळी फारशी भरकटत नव्हती. बूड बिघडलेली गोळी भरकटत होती. कारण नळीच्या तोंडातून गोळी सुटते तेव्हा मागचा वायू शेवटचा धक्का बुडालाच देतो, आणि बूड एका बाजूने झिजलेले असेल तर तो धक्काही तिरका बसतो. डोळ्यांना दिसणारे सुबक टोक महत्त्वाचे नव्हते आणि न दिसणारे बूड महत्त्वाचे होते, हे मानच्या जिद्दीमुळे सिद्ध झाले. आजही ओतारी साच्याच्या वरच्या पट्टीला जपतो ते याच कारणाने, कारण गोळीचे बूड तीच घडवते.

हिंदुस्थानच्या इतिहासात गोळीच्या मापाने आणि वंगणाने केवढी उलथापालथ केली हे शाळेत अर्धेच शिकवले जाते. १८५७ च्या उठावाच्या वेळची एन्फील्ड रायफल ०.५७७ इंच नळीची. तोंडाकडून भरायची बंदूक, पण आत पीळ. घट्ट गोळी तोंडाकडून आत जाणार कशी? फ्रेंच अधिकारी क्लोद मिनीये याने १८४९ च्या सुमारास यावर तोड काढली होती. गोळी नळीपेक्षा बारीक ओतायची आणि तिच्या बुडाशी पोकळी ठेवायची. बार उडाला की वायूच्या दाबाने बूड फुगते आणि खाचांत बसते. एन्फील्डची गोळी याच जातीची. नळीत काजळी साचली तरी ती सरकावी म्हणून तिच्यावरच्या कागदाला चरबी लावत. गाय-डुकराच्या चरबीची बातमी पसरल्यावर सरकारने १८५७ च्या जानेवारीतच शिपायांना स्वतःचे वंगण, मेण आणि तूप वापरण्याची मुभा दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. इकडच्या हवेत आणखी एक अडचण निघाली. सुमारे ०.५६८ इंचाची ती गोळी इथे नळीत घट्ट बसायची, अडकायची. मग तिचे माप ०.५५० इंचावर आणले गेले. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण साम्राज्याला तो परीक्षा करून, साचे बदलून दुरुस्त करावा लागला.

गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवण्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन याने १८८० च्या दशकात पक्की केली. धूर न करणारी नवी दारू आली आणि वेग इतका वाढला की उघडे शिसे नळीत टिकेना. .३०३ रायफलची कवचबंद गोळी आली. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार आली की ही गोळी शरीरातून आरपार जाते, पण समोरचा थांबत नाही. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकाचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. आघाताला ते टोक फुलायचे आणि भयानक जखम व्हायची. दमदम हे गावाचे नाव त्या गोळीमुळे जगभर गेले. १८९९ मध्ये हेग येथे झालेल्या जाहीरनाम्याने अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली.

शिकारीतला हिशेब वेगळा होता आणि तिथे पोकळ आणि भरीव अशा दोन्ही गोळ्यांचा अनुभव जमा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टोकाशी पोकळ असलेल्या वेगवान एक्स्प्रेस गोळ्या हिंदुस्थानात फार चालत. सॅम्युअल बेकर या शिकाऱ्याने १८९० च्या आपल्या पुस्तकात त्यांच्यावर कडाडून टीका केली. पोकळ गोळी वाघाच्या किंवा रानगव्याच्या जाड स्नायूंत वरच्या वरच फुटते, मर्मापर्यंत पोहोचत नाही, आणि जखमी जनावर झुडपात जाते, असा त्याचा अनुभव होता. मोठ्या जनावराला भरीव, मऊ शिशाची जड गोळी हवी, हे त्याचे मत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि शिकारीचे ते युग संपले, ते संपले हे फार चांगले झाले. पण बेकरचे निरीक्षण आजही यवतमाळच्या वावरात लागू पडते. चुकीची गोळी जनावराला मारत नाही, जखमी करते.

आपल्या राज्यात गोळ्यांचे खरे उत्पादन सरकारी कारखान्यांतच होते. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला. लष्कराच्या इन्सास आणि इतर रायफलींची काडतुसे तिथे बनतात. त्याच दशकात भंडाऱ्याला दारू बनवणारा कारखाना आला. ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. शेतकऱ्याच्या बारा बोअरच्या बंदुकीत पडणारी शक्तिमान छापाची काडतुसे खडकीचीच. प्रत्येक खेपेतले काही नमुने उडवून बघितले जातात, दाब आणि वेग मोजला जातो, आणि मगच खेप बाहेर पडते. घरच्या चुलीवर नेमकी हीच पायरी नसते.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे आणि तो परवानाधारकांनाही पुरता माहीत नसतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री हेही येतात. म्हणजे अमेरिकेत दुकानात मिळणारा गोळीचा साचा इथे स्वयंपाकघरातल्या भांड्यासारखा ठेवता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याचा आणि ठरलेल्या संख्येत काडतुसे विकत घेण्याचा परवाना. दारूगोळा बनवण्याचा परवाना वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्याला किमान सात वर्षे, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, हे गावोगावी ठाऊक आहे. साच्याबद्दलची तरतूद मात्र फारशी कोणाला माहीत नसते.

परीक्षेचा आणखी एक प्रकार गुन्ह्यानंतर होतो. मुंबईत कालिना येथे राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय आहे, तिथे बॅलिस्टिक विभाग आहे. संशयित बंदुकीतून पाण्याच्या टाकीत किंवा कापसात गोळी झाडतात, म्हणजे ती न ठेचता हाती लागते. मग घटनास्थळी सापडलेली गोळी आणि ही गोळी जोडसूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून नळीच्या पिळाचे ओरखडे जुळतात का ते बघतात. ही पद्धत १९२० च्या दशकात अमेरिकेत कॅल्विन गोडार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुळवली. शिशाच्या उघड्या गोळीवर हे ओरखडे मिळवणे अवघड असते, कारण हाडावर आदळली की ती चपटी होते. गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीत पीळच नसतो, त्यामुळे तिथे असे ओरखडे उमटतच नाहीत.

शिशाच्या रासायनिक घडणीवरून गोळी कोणत्या पेटीतली ते ओळखता येईल, असा अमेरिकेच्या एफबीआयचा दावा अनेक वर्षे न्यायालयात मान्य होत होता. २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यातल्या सांख्यिकीच्या त्रुटी दाखवल्या आणि २००५ मध्ये एफबीआयने ती चाचणीच बंद केली. अनेकांना त्या पुराव्यावर शिक्षा झाल्या होत्या. परीक्षा केली एवढ्यावर कधी थांबू नये, परीक्षेचीही परीक्षा करावी लागते, आणि अवनीच्या प्रकरणात गोळीच्या दिशेवरून जो वाद झाला त्याला म्हणूनच मोल आहे.

घरी गोळी ओतण्याचा आणखी एक धोका बंदुकीशी संबंधित नाही. शिसे विषारी आहे. वितळलेल्या शिशावर तरंगणारी राख आणि धूळ घरात पसरते, लहान मुलांच्या बोटांवरून पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीवर आघात करते. खेड्यात शिसे सहज मिळण्याची जागा म्हणजे जुन्या बॅटऱ्या, आणि बॅटरीच्या पट्ट्यांत अँटिमनी आणि आर्सेनिकही असू शकते. त्यातून निघणारे वायू जीवघेणे असतात, म्हणून अमेरिकेतले अनुभवी ओतारीही बॅटरीच्या शिशाला हात लावत नाहीत. शिशाच्या गोळीने मेलेल्या जनावराच्या मांसात शिशाचे कण पसरतात आणि ते खाणारे पक्षी मरतात, हे कॅलिफोर्नियातल्या काँडर गिधाडांवरून दिसले. म्हणून त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे.

यवतमाळच्या शेतकऱ्याची पीडा खरी आहे, ती नाकारून हा विषय पुढे जात नाही. एका रात्रीत रानडुकरे अर्ध्या एकरातला हरभरा उकरून टाकतात आणि कर्ज काढून पेरलेले बी मातीत मिसळते. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमात उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगीने जनावर मारण्याची वाट आहे. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ती वाट सोपी करण्याचा निर्णय काढला. पण परवानगीचा कागद आणि प्रत्यक्ष बार यांच्यामध्ये नेम, गोळी आणि नळी या तीन गोष्टी असतात, आणि या तिन्हींच्या सरावाची सोय तालुक्याच्या ठिकाणी नाही. जुन्या बंदुकीत कशीबशी भरलेली गोळी अंधारात डुकराच्या पोटाला लागते. ते तुरीत जाऊन बसते आणि सकाळी निंदणाला आलेली बाई त्याच्या समोर सापडते. जखमी रानडुक्कर सरळ अंगावर येते, त्याचे सुळे मांडीच्या रक्तवाहिनीपर्यंत फाडतात. त्याच रानात वाघ आहेत, टिपेश्वर अभयारण्य पांढरकवड्याला लागून आहे, आणि जखमी डुकराचा माग काढत वाघही वावरात येऊ शकतो.

ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे त्यांनी घरगुती ओतीव गोळी, उसना साचा, खाणीतली किंवा फटाक्यातली दारू या कशालाही हात लावू नये. बंदूक वर्षातून एकदा परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकाराला दाखवावी, काडतूस पावतीसह परवानाधारक दुकानातूनच घ्यावे आणि जनावर जखमी होऊन गेले तर ते लपवू नये. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनविभागाकडे वेळेत करावा. आणि वनविभागाने परवानगी देताना नेमबाजीची साधी परीक्षा सक्तीची करावी, त्यासाठी जिल्ह्यात पोलिसांच्या चांदमारी मैदानावर वर्षातले काही दिवस मोकळे ठेवावेत; जो निकष पोलीस शिपायाला लावला जातो तो गावाशेजारी बार काढणाऱ्याला का लावू नये? वावरात जखमी जनावर दिसले, जंगलाकडून बाराचा आवाज आला किंवा वाघाचा माग आढळला, तर वनविभागाचा मदत क्रमांक आहे १९२६. तो मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा आणि जागलीला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावा.